घरगल्ल्या आणि इस्पितळे : मुंबईच्या जागेची एक जुनी हकीकत



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी कोणी पाककृती देते, कोणी प्रवासवर्णन लिहिते, कोणी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र सांगते. यंदा मी जो विषय घेतला आहे तो वाचून काहीजणी नाक मुरडतील. विषय आहे घरगल्लीचा. दोन इमारतींच्या पाठीमागे किंवा मधोमध जी अरुंद, ओली, अंधारी पट्टी असते, जिच्याकडे स्वयंपाकघराची खिडकी उघडते आणि जिच्याकडे आपण शक्यतो पाहत नाही, तीच ही घरगल्ली. तिच्यासंबंधी लिहावे असे वाटण्याचे कारण एवढेच, की शहरातल्या अशा बिनवापराच्या गल्ल्यांचे पुढे काय करायचे हा प्रश्न आता वरचेवर निघतो. गल्ली कोणाच्या कामाची राहिली नाही आणि शेजारच्या इस्पितळाला वाढायला जागा पाहिजे, मग देऊन टाकावी, असे कोणीही सहज म्हणेल. परदेशांतही, विशेषतः अमेरिकेतील शहरांत, घरांच्या पाठच्या गल्ल्या ठराव करून बंद करायच्या आणि शेजारच्या संस्थेला किंवा इस्पितळाला द्यायच्या, अशी चाल आहे. मला ही गोष्ट वाईट वाटत नाही. पण ही जागा मुळात कोणासाठी सोडली होती, तिने काय काय पाहिले, आणि ती देताना आपण नेमके काय देतो, हे आपल्याला ठाऊक असावे. म्हणून मुंबईपुरती ही हकीकत लिहीत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जे वाचले, ऐकले आणि डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगते.

घरगल्ली कशी झाली

गिरगाव, भुलेश्वर, मांडवी, कामाठीपुरा या भागांत गिरण्यांच्या आणि बंदराच्या काळात माणसे दाटीवाटीने राहू लागली. पूर्वी जिथे नारळी-पोफळीच्या वाड्या होत्या तिथे चाळी उठल्या. जागेला सोन्याचा भाव. मालक आपल्या हद्दीच्या टोकापर्यंत बांधकाम आणी आणि मागे दोन-तीन हात जागा सोडी. ती तरी का सोडी? हवेसाठी नव्हे, उजेडासाठीही नव्हे. संडासासाठी.

त्या काळी जमिनीखालून मैला वाहून नेणारे नळ नव्हते. चाळीच्या पाठीला एकावर एक मजल्यांचे संडास असत आणि तळाशी टोपली ठेवलेली असे. त्या टोपलीपर्यंत पोचायला जी वाट तीच घरगल्ली. रोज पहाटे हलालखोर म्हणून ओळखले जाणारे स्त्रीपुरुष त्या वाटेने आत शिरत, टोपली काढून डोक्यावर घेत आणि गाडीपर्यंत नेत. म्युनिसिपालिटीच्या करांत या कामासाठी ‘हलालखोर कर’ म्हणून वेगळी बाब असे. १८८८ साली मुंबई म्युनिसिपालिटीचा मोठा कायदा झाला, त्यात घरगल्लीची व्याख्याच दिलेली आहे. सांडपाणी वाहून जाण्यासाठी, किंवा संडास, मोरी, मैल्याची कुंडी यांपर्यंत साफ करणाऱ्यांना जाता यावे म्हणून राखलेली जमिनीची पट्टी, असा तिचा अर्थ. कायद्याला जे सरळ लिहावे लागले ते आपण बोलत नाही. पुढच्या दारी तोरण आणि रांगोळी, आणि पाठच्या दारी जे काम चाले ते करणारी माणसे कोणाच्या दृष्टीस पडू नयेत, त्यांचा स्पर्श कोणाला होऊ नये, यासाठी ही वेगळी वाट होती. आमच्या आजेसासूबाई सांगत, की लहानपणी पहाटे पाठीमागे टोपलीचा आवाज आला की घरातली मोठी माणसे खिडकी लावून घेत. बाहेर थंडीपावसात कोण आहे, तिचे मूल कोणापाशी ठेवले आहे, हे कोणी विचारले नाही.

माणसाने मैला डोक्यावरून वाहण्याची ही पद्धत बंद करण्यासाठी देशात कायदा झाला तो १९९३ साली, आणि त्याहून कडक कायदा २०१३ साली. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला. म्हणून घरगल्ली ‘रिकामी’ आहे असे कोणी म्हटले, की मला प्रथम तिथून गेलेल्या त्या बायका आठवतात.

पाणी आले आणि गल्लीचे काम सरत चालले

मुंबईला आधी विहिरी आणि तळी यांवर भागवावे लागे. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले, १८७९ मध्ये तुळशीचे आणि १८९२ मध्ये तानशाचे. पाणी भरपूर आले म्हणजे घर स्वच्छ होते असे आपण समजतो. पण पाणी आत येण्याची सोय झाली आणि बाहेर जाण्याची झाली नाही, तर मोरी तुंबणारच. मुंबईचे तसेच झाले. नळाचे पाणी वापरून झाल्यावर जाई कुठे? घरगल्लीत. तिथली जमीन बाराही महिने ओली राहू लागली. जमिनीखालची गटारे हळूहळू एकेका भागात होत गेली आणि मग टोपल्यांच्या जागी पाण्याचे संडास आले. पण हे काम एका दिवसात झालेले नाही. एका रस्त्यावर नवी व्यवस्था आणि पलीकडच्या गल्लीत जुनीच, असे कित्येक वर्षे चालले.

ज्या दिवशी एखाद्या चाळीची शेवटची टोपली उठली, त्या दिवशी तिच्या घरगल्लीचे मूळ काम संपले. मात्र गल्ली मोकळी झाली नाही. मोऱ्यांचे नळ तिच्यातूनच उतरतात, पावसाचे पन्हळ तिच्यातच सुटते, जमिनीखालचे गटार तिच्याच पोटातून जाते. आणि वरच्या मजल्यांवरून तिच्यात काय काय पडते ते सांगायला नकोच. भाजीच्या देठांपासून फाटक्या गादीपर्यंत सारे त्या बिचारीच्या वाट्याला येते.

प्लेगची साल

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी एका रोग्याची गाठ पाहून हा प्लेग आहे असे ओळखले. जुन्या मराठी लिखाणात याला ग्रंथिक संनिपात म्हणत. बघता बघता रोग शहरभर पसरला. लाखो माणसे मुंबई सोडून कोकणात, घाटावर, गुजराथेत निघून गेली. बोटी आणि आगगाड्या भरभरून जात, आणि इकडे चाळीच्या चाळी ओस पडल्या.

रोग कसा पसरतो हे तेव्हा कळलेले नव्हते. घाण, ओल आणि कोंदट हवा यांतून तो उपजतो अशी समजूत होती. त्यामुळे सर्वांची नजर गेली ती घरगल्ल्यांकडे. गटारे धुण्यात आली, भिंतींना चुना फासण्यात आला, अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावे म्हणून छपराची कौले काढण्यात आली. ज्या घरांत माणसांनी राहू नये असे ठरले त्यांवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी अक्षरे रंगवीत. १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदराच्या अंगावरच्या पिसवा हा रोग माणसाला देतात असे दाखवले. पण ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. घाणीतून रोग आपोआप उपजत नाही हे खरे, तरी जिथे उष्टे-खरकटे आणि ओल तिथे उंदीर, हेही खरेच. तेव्हा गल्ल्यांवरचा संशय अगदीच खोटा नव्हता.

आता इस्पितळाची गोष्ट. आज आपण इस्पितळात खाट मिळावी म्हणून धडपडतो. त्या वेळी लोक इस्पितळाच्या नावाने थरथर कापत. रोगी सापडला की त्याला घरातून उचलून नेत, घरच्यांना निराळ्या छावणीत ठेवीत, सामान जाळीत. बायकांची नाडी पुरुष डॉक्टरांनी पाहणे हेच तेव्हा मोठे संकट वाटे, तर काखेतली गाठ तपासणे ही केवढी गोष्ट! १८९६ च्या ऑक्टोबरात आर्थर रोडच्या इस्पितळावर सुमारे हजार गिरणी-कामगार चालून गेले. हेच ते सांसर्गिक रोगांचे इस्पितळ, ज्याला आज आपण कस्तुरबा रुग्णालय म्हणतो. पुढे १८९८ च्या मार्चमध्ये रोगी शोधण्यावरून शहरात दंगा झाला. घरोघरी रोगी लपवीत. मग जातीजातींनी आपापली तात्पुरती इस्पितळे काढली, तिथे आपले अन्न, आपली माणसे आणि सेवेला बायका ठेवल्या, तेव्हा कुठे लोक थोडे विश्वासाने जाऊ लागले. याच साथीत पुण्याकडे सावित्रीबाई फुले आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंत यांच्या, दवाखान्यात रोगी पोचवताना स्वतः आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ रोजी गेल्या, हे आपणा सर्वांना माहीत आहे.

यातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. इस्पितळ नुसते विटांचे असून भागत नाही. आजूबाजूच्या लोकांना ते आपले वाटले तरच ते इस्पितळ.

ट्रस्टने पाडलेल्या गल्ल्या

प्लेगच्या धक्क्याने १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीच्या वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, नवी वस्ती वसवायची, हे त्याचे काम. नागपाड्यापासून सुरुवात झाली. प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामळदास गांधी मार्ग, आणि सॅंडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, हे त्याच ट्रस्टचे. समुद्राचा वारा गावात शिरावा म्हणून हे रस्ते काढले. त्यांखाली किती बोळ आणि किती घरगल्ल्या गडप झाल्या त्यांची नावेही आता उरली नाहीत. दादर, माटुंगा, शीव या मोकळ्या वस्त्या त्याच ट्रस्टने आखल्या. १९३३ साली ट्रस्टचे काम म्युनिसिपालिटीत मिळवण्यात आले.

ट्रस्टचे अध्यक्ष ऑर साहेब यांनी १९१२ मध्ये उजेड आणि हवा यांवर एक व्याख्यान दिले होते. त्यांचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम इंजिनियर लोकांत प्रसिद्ध आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर, समोरची इमारत जेवढी उंच त्याच्या निदान निम्मी मोकळी जागा मध्ये हवी, तरच खालच्या खोलीच्या खिडकीतून आभाळ दिसेल. चार मजल्यांच्या चाळीमागे दोन हातांची गल्ली असली तर खालच्या बाईला भर दुपारी दिवा लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत, हे आपल्याला नियम न शिकता कळते. पण ते कोणी मोजून मांडले, म्हणून त्याचा कायद्यात उपयोग झाला.

ट्रस्टच्या कामाला दुसरी बाजूही होती. जेवढी घरे पाडली तेवढी लगेच बांधली गेली नाहीत. ज्यांची बिऱ्हाडे उठली ते गरीब लोक कामाच्या ठिकाणापासून लांब जाऊ शकत नव्हते. ते शेजारच्या चाळींत शिरले आणि तिथली गर्दी आणखी वाढली. शहराच्या भल्यासाठी म्हणून जागा घेतली, आणि भले झाले ते दुसऱ्यांचे, असे त्या वेळी पुष्कळांना वाटले. जागा देताना-घेताना मध्ये राहणाऱ्याला विचारले नाही म्हणजे असे होते.

अट घालून दिलेले दान

आता मुंबईची इस्पितळे कशी उभी राहिली ते पाहू. यात आपण बायकांनी लक्षात ठेवावे असे पहिले नाव कामा इस्पितळाचे. १८८२-८३ च्या सुमारास किट्रेज नावाचे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी बंगाली यांनी स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांकडून उपचार मिळावेत म्हणून फंड काढला. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी लाखाहून अधिक रुपये दिले. सरकारने एस्प्लनेडच्या मैदानाकडची जागा दिली, आणि इस्पितळ स्त्री-डॉक्टरांच्या हाती राहील हे मान्य केले. १८८३ मध्ये पायाभरणी झाली आणि १८८६ मध्ये इस्पितळ सुरू झाले. इंग्लंडहून आलेल्या डॉ. एडिथ पीची त्याच्या प्रमुख होत्या. पुढे आपल्या रखमाबाई विलायतेहून डॉक्टर होऊन आल्या त्याही आरंभी काही काळ तिथेच होत्या. नुसते पैसे आणि नुसती जागा दिली असती, तर तिथे पुरुष डॉक्टर बसले असते आणि पडद्यातल्या बायका घरीच मेल्या असत्या. ती एक अट होती म्हणून इस्पितळाचे दार खरोखर उघडले.

दुसरे उदाहरण परळचे. शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी म्युनिसिपालिटीला वैद्यकीय कॉलेजासाठी मोठी रक्कम देऊ केली, ती एका अटीवर: शिकवणारे सर्व डॉक्टर हिंदी असावेत आणि ते सरकारी नोकरीतले नसावेत. परक्या सरकारच्या काळात मोठ्या जागा गोऱ्या डॉक्टरांकडे असत. ती अट पाळून कॉलेज आणि त्याला जोडून किंग एडवर्ड स्मारक इस्पितळ, म्हणजे आपले के. ई. एम., १९२६ मध्ये सुरू झाले. डॉ. जीवराज मेहता पुष्कळ वर्षे त्याचे प्रमुख होते. शेजारीच त्याच वर्षी नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि १९२९ मध्ये बाई जेरबाई वाडिया मुलांचे इस्पितळ झाले. गिरणगावातल्या किती पिढ्या तिथे जन्मल्या त्याची मोजदाद नाही. मुंबई सेंट्रलचे नायर इस्पितळ डॉ. नायर यांनी आपल्या आईच्या, बाई यमुनाबाईंच्या, नावाने काढले आणि १९४६ मध्ये ते म्युनिसिपालिटीकडे आले. आपण ‘नायरला नेले’ म्हणतो तेव्हा एका आईचे नाव घेत असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

ही उदाहरणे देण्याचा हेतू असा, की देणाऱ्याला अट घालण्याचा अधिकार असतो, आणि चांगल्या अटीने दान बिघडत नाही, सुधारते. शेठ लोकांनी पैसे देताना अटी घातल्या. मग शहर जेव्हा आपली गल्ली देते, तेव्हा शहराने, म्हणजे तुम्ही-आम्ही, अट का घालू नये?

गल्ली बंद कशी होते

ज्या इस्पितळांना सुरुवातीला जागा ऐसपैस वाटत होती, त्यांच्याभोवती शहर दाटले. रोगी वाढले, यंत्रे वाढली, प्राणवायूच्या टाक्या, औषधांची कोठारे, रुग्णवाहिकेला वळायला जागा, नर्सेसची राहण्याची सोय, हे सारे आता लागते. २०२० मध्ये करोनाच्या साथीत खाटांची केवढी टंचाई झाली ते आपण भोगले आहे. इस्पितळाला गावाबाहेर जा म्हणावे, तर रोगी गावातच आहेत. मग शेजारची गल्ली दिसते. तिच्या दोन्ही बाजूंची जागा इस्पितळाची झालेली असली, तर मधली पट्टी मिळाल्याशिवाय सलग इमारत उठत नाही.

काही घरगल्ल्या घरमालकांच्या असतात, काही गल्ल्या सार्वजनिक, म्हणजे म्युनिसिपालिटीच्या असतात. सार्वजनिक रस्ता किंवा गल्ली कायमची बंद करण्याची रीत त्याच १८८८ च्या कायद्यात आहे. आयुक्त एकटे ती बंद करू शकत नाहीत. महापालिकेची मंजुरी लागते. आणि मंजुरीच्या सभेच्या निदान एक महिना आधी आयुक्तांच्या सहीची नोटीस त्या गल्लीतच लावावी लागते. तिथल्या रहिवाशांनी लेखी हरकती दिल्या तर त्या घेऊन, त्यांचा विचार करून, मगच ठराव. गल्ली बंद झाल्यावर ती जमीन महापालिकेची म्हणून तिची विल्हेवाट लावता येते. किती साधी आणि शहाणी तरतूद आहे पाहा! नोटीस कचेरीत नव्हे, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात नव्हे, तर गल्लीतच लावायची. इंग्रजांच्या राज्यात झालेला कायदा, पण त्यात गल्लीत राहणाऱ्याला विचारा असे लिहिले आहे. विचारल्यावर उत्तर द्यायला आपण तिथे असलो पाहिजे.

आमच्याकडचा अनुभव

आमच्या चाळीमागे अशीच एक गल्ली होती. पलीकडे एक इस्पितळ. नावाशी आपल्याला कर्तव्य नाही. नोटीस लागली ती आम्हाला कोणालाच दिसली नाही, कारण गल्लीत आम्ही जातच नव्हतो. पाहिली ती झाडायला येणाऱ्या बाईंनी. त्या म्हणाल्या, “ताई, मागं कागद डकवलाय, साहेबाची सही हाय. वाचून तर बघा.” आम्ही पाच-सहाजणी पदर नाकाला लावून गेलो आणि वाचून आलो. संध्याकाळी जिन्यात बोलणे झाले. पुरुषमंडळी म्हणाली, जाऊ दे ती घाण एकदाची. इस्पितळ वाढू नये असे आमच्यापैकीही कोणी म्हणाले नाही. आमच्यातल्या निम्म्याजणींची बाळंतपणे तिथेच झालेली. पण आमच्या मोऱ्यांचे नळ त्या गल्लीत होते, तळमजल्याच्या सहा स्वयंपाकघरांचा उजेड तिकडून येत होता, आणि शाळेत जाणारी मुले मोठा रस्ता टाळून तिच्या तोंडाकडून जात. या तीन गोष्टी आम्ही अर्जात लिहिल्या आणि सह्या केल्या. ज्यांना सही येत नव्हती त्यांनी अंगठा दिला.

गल्ली गेली. अर्जामुळे एक झाले, की गटाराची झाकणे उघडायला एक लहान दार ठेवले आणि मुलांसाठी कडेने पायवाट राहिली. उजेड मात्र गेला. तळमजल्यावरच्या एक आजी आता दिवसाही दिवा लावून बसतात. नवा नळ जोडण्याआधीच जुना बुजवल्यामुळे पहिल्या पावसाळ्यात आमच्या मोऱ्यांतून पाणी वर आले. तीन दिवस आम्ही बादल्यांनी उपसत होतो. पुढे तक्रार केल्यावर ते दुरुस्त झाले. आणि त्याच वर्षी वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांच्या छातीत रात्री दुखू लागले, तेव्हा नव्या इमारतीतल्या तातडीच्या विभागात पाच मिनिटांत नेता आले आणि ते वाचले. नफा कुठला आणि तोटा कुठला, याची बेरीज-वजाबाकी मला करता येत नाही. ज्या बाईंनी नोटीस दाखवली त्यांना मात्र त्या वर्षीच्या हळदीकुंकवाला आम्ही आग्रहाने बोलावले आणि पहिला मान त्यांना दिला.

आपण काय पाहावे

अनुभवावरून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, गल्लीच्या पोटात काय आहे ते आधी विचारावे. वरून रिकामी दिसणारी जागा खालून नळांनी भरलेली असते. दुसरी, उजेड, वारा आणि आगीच्या वेळी बंब शिरण्याची वाट यांचे काय होणार ते नकाशावर दाखवून घ्यावे. नकाशा वाचता येत नाही म्हणून लाजू नये. समजावून सांगणे हे त्यांचे काम आहे.

तिसरी गोष्ट, इस्पितळ कोणाचे आहे ते पाहावे. म्युनिसिपालिटीचे असेल तर जागा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेली. धर्मादाय संस्थेचे असेल तर महाराष्ट्रात त्यासाठी नियम आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या आणि २००६ पासून लागू झालेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय इस्पितळांनी १० टक्के खाटा अगदी गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखायच्या आहेत. या खाटांची चौकशी करायला आपण संकोचतो. ज्या इस्पितळाने शहराची गल्ली घेतली, तिथे तरी संकोचू नये. ती भीक नव्हे. निव्वळ नफ्यासाठी चालणारे इस्पितळ असेल, तर शहराच्या जागेबद्दल शहराला काय मिळणार हे उघड सांगितल्याशिवाय हरकत मागे घेऊ नये.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या गल्ल्या साफ केल्या, त्यांना त्या जागेवर उठलेल्या इस्पितळात उपचार सन्मानाने मिळतात की नाही, हे पाहावे. ती जमीन कागदावर कोणाचीही असो, तिच्यावर घाम गाळला तो त्यांनी. त्यांच्या आज्या ज्या वाटेने डोक्यावर टोपली घेऊन गेल्या, त्या जागेवर त्यांच्या नातीला पुढच्या दाराने आत जाता आले पाहिजे आणि खाट मिळाली पाहिजे. असे झाले तर त्या गल्लीचे सोने झाले असे मी म्हणेन.

आपल्या मंडळाच्या सभासद निरनिराळ्या चाळींत, वाड्यांत आणि आता सोसायट्यांत राहतात. वर्षातून एकदा तरी प्रत्येकीने आपल्या घराच्या पाठीमागे फेरी मारावी, तिथे काय आहे ते पाहावे, कागद डकवलेला असेल तर वाचावा, आणि महिन्याच्या सभेत येऊन सांगावा. अर्ज लिहायला मंडळात पाचजणी तरी तयार आहेत. इस्पितळे वाढोत, पुढच्या पिढीला त्यांची गरज आपल्यापेक्षा जास्त लागणार आहे. मात्र जी जागा सर्वांची म्हणून राखली गेली, ती सर्वांना विचारून आणि सर्वांच्या उपयोगाची अट घालून द्यावी, एवढेच माझे मागणे आहे.